सड्यावरचे पंखे: पवनऊर्जेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्याहून सज्जनगडाला वळसा घालून ठोसेघरच्या पुढे चढलं की चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, पवनचक्क्यांच्या रांगा लागतात. गावकरी त्यांना सरळ 'पंखे' म्हणतात. वारा मोजण्याच्या कामात माझी बावीस वर्षं गेली. पाटण, साक्री, कवठेमहांकाळ इथल्या माळांवर मनोरे उभारायचे, त्यांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं बसवायची आणि वर्षभराच्या नोंदी घेऊन पुण्याला परतायचं, असं ते काम. आता निवृत्त आहे. कोथरूडमधल्या सोसायटीतली मंडळी आणि कॉलेजची मुलं यांना वर्षातून दोन-तीनदा सड्यावर नेतो. परतीच्या गाडीत दर वेळी जे प्रश्न निघतात ते इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे दोन वाक्यांत बोलणं म्हणजे फसवणूक झाली असती.

आम्ही गेलो तेव्हा निम्म्या पवनचक्क्या बंद होत्या. मग हे सगळं पांढरा हत्ती आहे का?

कधी गेला होतात? बहुतेकांचं उत्तर 'डिसेंबरात' असं येतं. आपल्याकडचा वारा हा मोसमी वारा आहे. देशातल्या पवनचक्क्यांची वर्षभरातली साठ-सत्तर टक्के वीज जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तयार होते. डिसेंबरात सड्यावर जाऊन पंखे बंद म्हणणं म्हणजे मे महिन्यात ठोसेघरचा धबधबा बघायला जाऊन पाणी नाही म्हणण्यासारखं आहे.

वाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण ३ मीटर झाला की पाती वीज देऊ लागतात. ११-१२ मीटरला यंत्र पूर्ण क्षमतेवर येतं, आणि २०-२५ मीटरच्या पुढे गेलं की मोडतोड होऊ नये म्हणून स्वतःहून थांबतं. म्हणजे वादळातही पंखा बंद दिसू शकतो. वीजवाहिन्यांवर भार मावत नसेल तर विजेची मागणी आणि पुरवठा सांभाळणाऱ्या भार प्रेषण केंद्रातूनही उत्पादन कमी करण्याची सूचना येते. काही यंत्रं मात्र खरोखरच बिघडून पडलेली असतात. पंचवीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत.

एक पवनचक्की किती वीज देते?

आधी मेगावॉट आणि युनिट यांतला फरक. मेगावॉट म्हणजे ताकद, युनिट म्हणजे प्रत्यक्ष झालेलं काम. जाहिरातीत मेगावॉट असतात, बिलात युनिटं.

साताऱ्यात सुरुवातीला आलेली बरीच यंत्रं ३५० किलोवॉटची होती, पात्यांच्या चक्राचा व्यास जेमतेम ३३ मीटर. आज बसतात ती ३ मेगावॉटच्या घरातली, व्यास १४० मीटरच्या पुढे. शेतकऱ्याला समजेल अशा मापात सांगतो: जुना पंखा साडेआठ गुंठ्यांतला वारा गोळा करायचा, नवा चार एकरांतला करतो.

त्यातून वाऱ्याचं गणित घनाचं आहे. वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट. सेकंदाला ५ मीटरऐवजी ६ मीटर वारा असेल, तर वेग वीस टक्के वाढतो पण वाऱ्यातली शक्ती सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. आम्ही एका टेकडीवर मनोरा कुठे रोवायचा यावर दोन-दोन दिवस वाद घालायचो, तो उगाच नाही. शंभर पावलं इकडे-तिकडे झाली तरी वीस वर्षांच्या उत्पन्नात फरक पडतो.

आता हिशेब. ३ मेगावॉटचं यंत्र चांगल्या जागी वर्षभराच्या सरासरीने ३५ टक्के क्षमतेने चाललं, तर सुमारे ९२ लाख युनिटं होतात. महिन्याला १५० युनिटं वापरणारी पाच हजार घरं त्यावर चालतील. जुनं ३५० किलोवॉटचं यंत्र १८ टक्के क्षमतेने चाललं तर जेमतेम तीनशे घरं.

पाती तीनच का?

दोन पाती असली तर यंत्राला हिसके बसतात, चार-पाच केली तर खर्च वाढतो आणि मिळकत फारशी वाढत नाही. वाऱ्यातली सगळी शक्ती काढून घेता येत नाही, कारण तशी काढली तर हवा पात्यांमागेच तुंबून राहील. कमाल मर्यादा ५९.३ टक्के. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वी हे दाखवलं आणि आजवर कोणतंही यंत्र त्यापुढे गेलेलं नाही. 'आमचं यंत्र ८० टक्के देतं' असं सांगणारा विक्रेता दारात आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

भारतात हे सुरू कधी झालं आणि पुण्याचा त्यात काय वाटा?

१९८६ मध्ये रत्नागिरी, गुजरातेत ओखा आणि तामिळनाडूत तुतिकोरिन अशा किनाऱ्यावरच्या ठिकाणी ५५ किलोवॉटची छोटी यंत्रं प्रयोग म्हणून बसली. नव्वदच्या दशकात तामिळनाडूने मुसंडी मारली. पश्चिम घाटाला तिथे खिंडी आहेत, पालघाट आणि अरलवाईमोळी. मोसमी वारा त्या खिंडींतून नरसाळ्यातून पाणी यावं तसा घुसतो. शिवाय कोइमतूर-तिरुप्पूरच्या गिरण्यांना महाग आणि बेभरवशाच्या विजेने जेरीस आणलं होतं. यंत्राच्या किमतीवर पहिल्याच वर्षी मोठा घसारा, म्हणजे वापराने झालेली किमतीतली घट, दाखवून आयकर वाचवण्याची सोय होती. गिरणीमालकांनी रांगेने पवनचक्क्या विकत घेतल्या. मुप्पंडळचा सुमारे १,५०० मेगावॉटचा पट्टा असा उभा राहिला.

पुण्याची गोष्टही विजेच्या बिलातूनच सुरू होते. सुरतेत कापडाचा व्यवसाय करणारे तुलसी तांती बिलांना कंटाळले, त्यांनी आपल्यापुरत्या दोन पवनचक्क्या बसवल्या, आणि १९९५ मध्ये पवनचक्क्यांचीच कंपनी काढली, सुझलॉन. तिचं मुख्यालय पुण्यात, आज हडपसरला. सड्यावरची, पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याची, साक्रीजवळच्या ब्राह्मणवेलची कितीतरी यंत्रं या कंपनीची आहेत. बजाज ऑटोसारख्या पुण्याच्या उद्योगांनी साताऱ्यात पवनचक्क्या घेतल्या. महाऊर्जा या राज्य सरकारच्या ऊर्जा विकास संस्थेचं मुख्यालय पुण्यात, ऊर्जाधोरणांचा कीस पाडणारा 'प्रयास'चा ऊर्जा गट पुण्यात. चेन्नईची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था सोडली, तर या विषयावर बोलणारी इतकी माणसं एका शहरात क्वचितच सापडतील. तांती २०२२ च्या १ ऑक्टोबरला गेले. परदेशी कंपन्या कर्ज काढून विकत घेण्याचा त्यांचा निर्णय कंपनीला फार जड गेला, हे खरं. पण एका विकसनशील देशात ही यंत्रं घडवता येतात हे त्यांनी करून दाखवलं, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

मग मध्येच पवनऊर्जेची गाडी का अडली?

दोनदा अडली, आणि दोन्ही वेळा वारा नेहमीसारखाच वाहत होता.

पहिली खेप २०१२ ची. त्या एप्रिलमध्ये घसाऱ्याची सवलत ८० टक्क्यांवरून १५ वर आणली आणि प्रत्येक युनिटमागे ५० पैसे देणारं प्रोत्साहनही त्याच सुमारास थांबलं. आदल्या वर्षी देशात सुमारे ३,२०० मेगावॉटची भर पडली होती, पुढच्या वर्षी ती १,७०० वर आली. यात थोडा न्यायही होता. घसाऱ्यावर पैसे वाचवणाऱ्याला यंत्र बसवण्यात रस असतो, चालवण्यात नसतो. काही मालक सड्यावर एकदाही आले नसतील. युनिटमागे पैसे मिळाले तर मालक यंत्राची काळजी घेतो. पण सरकारने दोन्ही सवलती एकदमच काढल्या, मग २०१३-१४ मध्ये परत आणल्या. कारखाने असे नळासारखे चालू-बंद करता येत नाहीत.

दुसरी खेप २०१७ ची. तोवर राज्याचा वीज नियामक आयोग दर ठरवून द्यायचा, तो चार ते साडेपाच रुपयांच्या घरात असे. फेब्रुवारी २०१७ मध्ये देशातला पहिला लिलाव झाला, म्हणजे सर्वांत कमी दरात वीज देणाऱ्याला प्रकल्प मिळाला, आणि दर ३ रुपये ४६ पैशांवर आला. वर्ष संपता संपता तो २ रुपये ४३ पैशांपर्यंत घसरला. ग्राहक म्हणून आपल्याला बरं वाटलं. पण त्या दरात फक्त कच्छ किंवा दक्षिण तामिळनाडूतल्या अव्वल जागाच परवडतात, त्यामुळे सगळे तिथेच धावले. जमीन मिळेना, वीजवाहिन्या अपुऱ्या पडल्या. २०१६-१७ मध्ये साडेपाच हजार मेगावॉटची भर पडली होती, त्यानंतरच्या वर्षी ती जेमतेम १,७०० ते १,८०० झाली आणि पुढची काही वर्षं तिथेच घुटमळली. छोटे उत्पादक बुडाले, कित्येक तंत्रज्ञ सौरऊर्जेकडे गेले. माझ्या हाताखाली शिकलेली दोन मुलं तेव्हा हे क्षेत्र सोडून गेली आणि परत आली नाहीत.

२०२२ पर्यंत देशात ६०,००० मेगावॉट पवनऊर्जेचं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्षात सुमारे ४२,००० झाले.

आज देश कुठे आहे?

मार्च २०२५ अखेर भारताची पवनऊर्जा क्षमता ५०,००० मेगावॉटच्या पुढे गेली. २०२४-२५ या एका वर्षात ४,१५० मेगावॉटची भर पडली, म्हणजे गाडी पुन्हा रुळावर आहे. जगात चीन, अमेरिका आणि जर्मनीनंतर आपला क्रमांक लागतो. पण एकशे चाळीस कोटींच्या देशाला हे पुरत नाही. क्षमतेत वाऱ्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास, प्रत्यक्ष विजेत जेमतेम पाच टक्के. विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या पुढे आहे. जमिनीपासून १५० मीटर उंचीवर देशात ११ लाख मेगावॉटहून जास्त पवनऊर्जा शक्य आहे असा राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. त्यातली निम्मी जागा रस्ते, गावं, जंगलं म्हणून सोडून दिली तरी आपण अजून उंबरठ्यावर आहोत.

महाराष्ट्र मागे का पडला?

दोन हजारच्या दशकात आपण पहिल्या दोनांत होतो. आज गुजरात, तामिळनाडू, कर्नाटक पुढे आहेत आणि महाराष्ट्र ५,००० मेगावॉटच्या थोडा वर आहे. लिलावांनी कच्छला झुकतं माप दिलं, हे एक कारण. आपल्या सर्वांत चांगल्या सड्यांवर जुनी, बुटकी यंत्रं जागा अडवून बसली आहेत, हे दुसरं. तिसरं कारण जमिनीचं, त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पवनचक्क्यांमुळे ढग पांगतात आणि पाऊस पळतो, हे खरं आहे का?

नाही. पण हा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी हसू नये. सातारा, सांगली, धुळे या भागांत मी तो शेकडो वेळा ऐकला आहे, आणि विचारणारा माणूस त्या वर्षी पेरणी वाया गेलेला शेतकरी असायचा.

समज कुठून आला ते बघा. २००० च्या आसपास डोंगरांवर पंखे उभे राहिले आणि २००२ मध्ये देशभरात पाऊस सरासरीच्या १९ टक्क्यांनी कमी पडला. आपल्या दुष्काळी तालुक्यांत पुढचं वर्षही कोरडं गेलं. डोंगरावर ढगात फिरणारी पाती दिसतात आणि खाली शिवार तापलेलं. मन दोन्हींची सांगड घालणारच.

पण माण, खटाव, जत, कवठेमहांकाळ हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि हवाई अंतराने शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. घाट चढताना ढग बहुतेक पाणी तिथेच सोडतात. उरलेला कोरडा, वेगवान वारा पठारावर उतरतो. हाच वारा पवनचक्कीला हवा असतो. म्हणजे जिथे पाऊस कमी आणि वारा जास्त तिथे पंखे आले. पंखे आले म्हणून पाऊस कमी झाला, ही उलटी गाठ आहे. दुर्गादेवीच्या दुष्काळात आणि १९७२ च्या दुष्काळात सड्यावर एकही पंखा नव्हता.

पाऊस देणारे ढग कित्येक किलोमीटर उंच असतात, नव्यात नवा पंखा पात्याच्या टोकापर्यंत धरून दोनशे मीटरच्या थोडा वर. पात्यांमागे हवा घुसळते आणि थोड्या अंतरावर पुन्हा सावरते. जमिनीलगतच्या रात्रीच्या तापमानात किंचित फरक पडल्याच्या नोंदी जगभर आहेत. पण मोसमी ढगांची वाट त्याने वळत नाही.

पक्ष्यांचं आणि सड्याच्या निसर्गाचं काय?

इथे मात्र चिंता खरी आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्या चाळकेवाडीचाच आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. ससाणे, घारी नाहीत म्हटल्यावर सरडे वाढले. गळ्याखाली निळी-काळी-केशरी झालर पसरणारा सड्यावरचा सुंदर सरडा तिथे दाटीने राहतो, माणूस जवळ आला तरी लवकर पळत नाही, आणि खाणारी तोंडं वाढल्याने अंगाने बारीक झाला आहे. म्हणजे यंत्राने जणू नव्या शिकाऱ्याची जागा घेतली आणि खालची साखळी बदलली. हा सडा कासच्या पठाराचाच सख्खा भाऊ आहे: जांभा दगड, वीतभर माती आणि जगात इतरत्र न सापडणारी फुलं.

राजस्थान-गुजरातेत माळढोक पक्षी वीजवाहिन्यांना धडकून मरतात म्हणून प्रकरण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आपल्या पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात, भीमाशंकर अभयारण्याजवळच्या डोंगरांवर झालेल्या प्रकल्पाबद्दल पश्चिम घाटाच्या पर्यावरणावर नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात कडक शब्दांत लिहिलं. तिथे मुख्य दुखणं पात्यांचं नव्हतं, यंत्रं वर न्यायला डोंगर कापून केलेल्या रुंद रस्त्यांचं होतं. त्या रस्त्यांची माती पावसाबरोबर खालच्या ओढ्यांत आणि शेतांत गेली.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या सड्यांवर प्रदेशनिष्ठ फुलं आहेत आणि ज्या डोंगरांवर जंगल आहे, तिथे नवी पवनचक्की नको. पुरेसे उघडे माळ आपल्याकडे आहेत. वारा थोडा कमी मिळेल, पण उंच यंत्रं तोही भरून काढतात.

गावाला काय मिळतं?

पूर्वी फार थोडं मिळालं. एका वाडीत आमचा मनोरा उभा करताना गावाने जागा दिली, जेवण दिलं, भर पावसात गाडी ढकलली. एका कंपनीच्या माणसाने पारावर बसून पक्क्या रस्त्याचं आणि वाडीला विजेचं वचन दिलं. पंखे आले, पण रस्ता पंख्यांपर्यंतच गेला आणि वाडी तशीच राहिली. तारा डोक्यावरून पुण्याकडे गेल्या आणि त्याखाली रॉकेलच्या चिमण्या मी स्वतः पाहिल्या आहेत. ते वचन तोंडी होतं म्हणून कोणाला जाब विचारता आला नाही. माझ्या बावीस वर्षांतली ही गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते.

म्हणून गावाकडे जमीन असलेल्या पुणेकरांना मी कळकळीने सांगतो. पवनचक्कीसाठी जमीन मागायला कोणी आलं तर घाईने सही करू नका. विकत मागतात की भाडेपट्ट्याने, ते आधी विचारा. भाडं असेल तर दर किती वर्षांनी किती वाढणार हे लिहून घ्या. करार मराठीत मागा. पंख्याचा पाया, क्रेन उभी राहण्याची जागा, रस्ता आणि तारा या चारही गोष्टींचा मोबदला वेगवेगळा असतो, तो एका आकड्यात गुंडाळू देऊ नका. मोठ्या वीजवाहिन्यांसाठी २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला मूल्याच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला सांगितला आहे. आपल्या भागाला कोणता दर लागू आहे ते तहसील कार्यालयात विचारून घ्या. आणि वीस-पंचवीस वर्षांनी यंत्र काढून पाया उखडून जमीन परत कोण सपाट करणार, हे कलम करारात नसेल तर सही करू नका. सातबारावर सामाईक नावं असतील तर भावंडांना आधी बोलवा. एकट्याच्या सहीने व्यवहार पुढे रेटणारे दलाल प्रत्येक तालुक्यात आहेत.

दलालीचं हे दुखणं किती खोल गेलं आहे ते बीडने दाखवलं. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आल्याचा आरोप तपासात पुढे आला. स्वच्छ विजेच्या पैशाभोवती गुंडगिरी वाढू दिली तर गावं या प्रकल्पांना दारात उभं करणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

आवाजाचा त्रास होतो का?

जवळ राहणाऱ्याला होतो, विशेषतः शांत रात्री. पाती फिरताना लयीत 'सूंप सूंप' असा आवाज येतो. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत घरापासून ५०० मीटरचं अंतर सांगितलं आहे. जुने काही पंखे त्याहून जवळ आहेत. अशा घरांची तक्रार रास्त समजावी.

जुनी यंत्रं काढून नवी का बसवत नाहीत?

बसवायला हवीत, आणि माझ्या मते महाराष्ट्रात सर्वांत आधी हेच व्हायला हवं. वनकुसवडे, चाळकेवाडी इथले वारे उत्तम आहेत. नवा सडा न फोडता, दहा जुन्या यंत्रांच्या जागी एक-दोन मोठी बसवून तितकीच किंवा जास्त वीज मिळू शकते. पक्ष्यांनाही वाट मोकळी होईल. देशात २ मेगावॉटहून लहान यंत्रांच्या जागी सुमारे २५,००० मेगावॉट नवी क्षमता उभी राहू शकते असा अंदाज आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यासाठी सुधारित राष्ट्रीय धोरणही आलं.

अडचण मालकीची आहे. एका सड्यावर पन्नास यंत्रांचे तीस मालक, त्यातले काही डॉक्टर, काही कारखानदार, काही वारस. एकाने नाही म्हटलं की आराखडा अडतो. मोठ्या यंत्रांना जास्त मोकळी जागा लागते, त्यामुळे जुन्या जमिनीच्या तुकड्यांचा नकाशाच बदलावा लागतो. सहकारी साखर कारखाने उभे करणाऱ्या जिल्ह्यांना मालकांची मोट बांधणं अवघड जाऊ नये.

उतरवलेल्या यंत्रातलं पोलाद, तांबं भंगारात विकलं जातं. पाती मात्र काचतंतू आणि राळेची असतात, ती वितळत नाहीत. सिमेंटच्या भट्टीत जाळणं हा सध्याचा एक मार्ग आहे.

वारा पडला की वीज कुठून आणायची?

वारा आणि ऊन एकमेकांची उणीव भरतात. पावसाळ्यात ढगांमुळे सौरऊर्जा घटते तेव्हा वारा जोरात असतो, आणि कित्येक ठिकाणी तो संध्याकाळनंतर चढतो, नेमकी मागणी वाढते तेव्हा. म्हणून आता दोन्हींचे एकत्र प्रकल्प होतात. शिवाय आपल्याकडे घाट आहेत. जादा वीज असेल तेव्हा पाणी वरच्या तलावात उपसायचं आणि गरज पडली की खाली सोडून वीज करायची, हे घाटघरला २५० मेगावॉटच्या प्रकल्पात चालतं. कोयनेची १,९६० मेगावॉटची यंत्रणा मागणीनुसार काही मिनिटांत वर-खाली होते. वनकुसवड्याचे पंखे नेमके कोयनेच्या जलाशयाच्या वर उभे आहेत. एकाच डोंगराचा वारा आणि पाणी मिळून आपलं घर उजळतं, हे सड्यावर उभं राहून समजावताना मला अजून भरून येतं.

समुद्रात पवनचक्क्या का नाहीत?

खर्च. समुद्रातला पाया आणि तारा फार महाग. २०१५ मध्ये धोरण आलं, २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, त्यात गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्याजवळ प्रत्येकी ५०० मेगावॉट धरले आहेत.

सोसायटीच्या गच्चीवर छोटी पवनचक्की बसवावी का?

पुण्यात नको. इमारतींमध्ये वारा अडखळतो, गिरक्या घेतो आणि गच्चीच्या उंचीवर त्यात दम नसतो. घनाचं गणित आठवा: निम्मा वारा म्हणजे आठवा हिस्सा वीज. तेच पैसे सौरपॅनेलवर घाला. घरगुती ३ किलोवॉटला केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे.

मग पुण्यात बसून पवनऊर्जा वापरायची कशी?

घरगुती ग्राहकाला एक सोपी वाट आहे. २०२१ मध्ये राज्याच्या नियामक आयोगाने महावितरणच्या ग्राहकांसाठी हरित विजेचा पर्याय आणला. युनिटमागे ठरावीक जादा आकार भरायचा, सुरुवातीला तो ६६ पैसे होता. त्या बदल्यात तितकी वीज नवीकरणीय स्रोतांतून घेतली जाते.

कारखान्यांसाठी वाट मोठी आहे. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार १०० किलोवॉटपासूनच्या ग्राहकाला थेट हरित वीज घेता येते. चाकण, रांजणगाव, भोसरीतले काही उद्योग एकत्र येऊन प्रकल्पात किमान २६ टक्के भागभांडवल घालतात आणि किमान ५१ टक्के वीज वापरतात, तेव्हा तो त्यांचा स्वतःच्या वापराचा प्रकल्प धरला जातो. युरोपात माल पाठवणाऱ्या कंपन्यांना आता ग्राहकच विचारतात, वीज कशाची वापरता?

मुलीला या क्षेत्रात काम करायचं आहे, काय शिकावं?

यंत्र किंवा विद्युत अभियांत्रिकी चालेल, आयटीआयही चालेल. शंभर मीटर उंच चढून काम करणाऱ्या तंत्रज्ञांची कायम गरज असते. वाऱ्याचा अंदाज बांधण्याचं काम तर आता निम्मं संगणकावर चालतं, त्यात गणित आणि हवामानशास्त्र आलेल्यांना मागणी आहे. एक पावसाळा प्रत्यक्ष प्रकल्पावर काढा, असं मी प्रत्येकाला सांगतो. तिथे टिकलात तर पुढेही टिकाल.

सड्यावर कधी आणि कसं जावं?

पंखे जोरात बघायचे तर जुलै-ऑगस्ट, फुलंही बघायची तर सप्टेंबर. पुण्याहून पहाटे निघा. साताऱ्यापर्यंत साधारण एकशे दहा किलोमीटर, पुढे सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी. धुकं दाट असेल तर गाडीचे दिवे लावून हळू चला. गाडी रस्त्यावरच ठेवा, जांभ्यावर चाक घालू नका, वीतभर मातीतली फुलं त्याखाली जातात. मनोऱ्याच्या पायऱ्यांना आणि खालच्या विद्युत पेट्यांना हात लावू नका. पंख्याच्या अगदी खाली उभं राहण्यापेक्षा वाऱ्याकडे तोंड करून थोडं दूर थांबा. जेवण वाडीतल्या एखाद्या घरी सांगून ठेवा, पिठलं-भाकरी आणि ठेचा मिळतो, पैसे गावात राहतात. आणि जेवताना त्या घरच्या आजीला विचारा, पंखे आल्यापासून काय बदललं. मी वर जे लिहिलं आहे त्यात ती बरंच दुरुस्त करेल.